तंजावरातली पाहणी

११ जानेवारी १९५८, शनिवार

पोचले एकदाची. मिरजेहून निघाल्यापासून गाड्या बदलून बदलून अंगाचं पार भुसकट झालं. तिरुचिरापल्लीला गोपू न्यायला आला होता. मुलगा रेल्वेत नोकरीला, पण आईला तंजावरपर्यंत खिडकीची जागा मिळवून देता आली नाही. मग नोकरीचा उपयोग काय?

सांगायचं कारण असं, की मी इथलं मोठं देऊळ बघायला आले आहे. खरं कारण सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त कोणी बोलत नाही. गोपूला इथल्या हनुमंतरावांची कनकलता पसंत आहे. मला नाही. मी तिला पाहिलेली नव्हती हे खरं, पण मिरज-सांगलीत काय मुली नव्हत्या? जूनमध्ये गोपूची मिरजेला बदली व्हायची आहे. चार वर्षांनी पोरगा घरी यायचा, तो मद्राशी सून घेऊन! निघताना यांना म्हटलं, "गोड बोलून काहीतरी खोट काढून येते." हे म्हणाले, "आणि नाही सापडली तर?" मी शोधायला बसले आणि सापडली नाही, असं या घरात कधी झालंय का?

मुलाच्या आईने मुलीच्याच घरी उतरायचं ही रीत नव्हे. पण गोपूच्या खोलीत तीन ब्रह्मचारी आणि एक स्टोव्ह. इलाज नव्हता. तो मला इथे सोडून संध्याकाळच्या गाडीने परत गेला.

हनुमंतराव कलेक्टर कचेरीत आहेत. भला माणूस, बायको जाऊन बरीच वर्षं झाली. घर चालवते त्यांची थोरली बहीण शेषम्मा. उंच, ताठ, विधवा, मुलींच्या शाळेत गणित शिकवते. हसणं बेताचं, मोजूनमापून वाढल्यासारखं. मराठी राज्यापासून पिढ्यान् पिढ्या इथेच राहिलेले; बोलतात सगळे मराठीच, पण चाल तमिळ. वाक्य वर चढवतात आणि तिथेच टांगून ठेवतात. शब्द मात्र आपल्या पणजोबांच्या वेळचे. "प्रवास सुखाचा झाला की? जेवलांत की?" मला वाटलं, आता पुढे "कळावें, लोभ असावा" म्हणतात.

कॉफी उत्तम. हे नाकारण्यात अर्थ नाही.

१२ जानेवारी

देऊळ पाहिलं. एवढं मोठं असेल असं वाटलं नव्हतं. मान मोडेपर्यंत वर बघत राहिले आणि शेवटी त्या अंगणात चक्क बसकण मारली. शेषम्मा शेजारी उभी. "आतां कारण झालें नां?" म्हणाली. मला काही तिचा रोख कळला नाही.

कनकलता. उंची गोपूच्या कानापर्यंत, केस दाट, चाल नीट. मला 'मामी' म्हणते. मी हिची मामी कुठून झाले? इथे म्हणे मोठ्या वयाच्या कुठल्याही बाईला मामीच म्हणतात. दुपारी तिला माझी पोथी वाचायला दिली, तर गप्प. देवनागरी येतच नाही! मराठी बोलते आणि मराठी वाचता येत नाही. पहिल्याच दिवशी खोट सापडली.

संध्याकाळी ती वडिलांना इंग्रजी पेपर वाचून दाखवत होती. भराभर. ते मी ऐकलं नाही असं धरून चालते.

१३ जानेवारी

गावाची चार भागांत वाटणी करून शेषम्मा मला रोज एक भाग दाखवणार आहे. शाळेला पोंगलची सुट्टी आहे. स्वभावाने रुक्ष असली तरी पाहुणचाराला चुकत नाही.

आज सकाळी दक्षिणेकडच्या रस्त्यावर वीणा करणाऱ्यांकडे नेलं. फणसाचं अख्खं खोड कोरून वीणा काढतात. अंगणभर लाकडाचा भुसा आणि त्याचा गोडसर वास. आम्ही मिरजेचे, वाद्यांतलं आम्हाला कोण शिकवणार? मी सांगितलं, आमच्या सतारीचा भोपळा याहून मोठा असतो. म्हाताऱ्या कारागिराने पटाशी खाली ठेवली. मग शेषम्माच्या तोंडून त्याने मला विचारलं, "घरांत कोणाच्या हातून वीणा पडली, फुटली, तर तुम्ही काय कराल?"

मी म्हटलं, "कोणी पाडली त्यावर आहे. यांनी पाडली तर बोलेन. पोराबाळांनी पाडली तर आधी कुठे लागलं का ते बघेन."

शेषम्माने ते तमिळमध्ये सांगितलं. म्हाताऱ्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. गिऱ्हाइकाची एवढी चौकशी करतात! स्वतःच्या कामावर फार जीव दिसतो.

दुपारी मानंबुच्चावडी भागात एका वकिलाच्या बायकोकडे गेलो. तिचं नाव सुंदरी. फराळाला एवढं केलं होतं की लग्नघर वाटावं. तिला आपल्याकडच्या चालीरीतींची भारी हौस. तुमच्या घरी सकाळी आधी कोण उठतं, शेवटी कोण जेवतं, सगळं विचारलं. मी म्हटलं, "शेवटी मीच जेवते. पण चाखून चाखून माझं पोट आधीच भरलेलं असतं." ती खूप हसली. शेषम्मासुद्धा हसली, एक चिमूट.

१५ जानेवारी

काल संक्रांत, इथे पोंगल. मी आणलेला तिळगूळ सगळ्यांना वाटला. दाराशी मडक्यात भात उतू गेला की ओरडायचं असतं. मीही ओरडले. बऱ्याच वर्षांत एवढं मोकळं ओरडले नव्हते. आज गायीगुरांचा सण. रस्त्याने रंगवलेली शिंगं आणि गळ्यात माळा घालून बैल असे चालले होते, की वाट त्यांची आणि आपणच पाहुणे.

ओढ्याएवढी एक नदी ओलांडून पलीकडे करंदै नावाचा भाग आहे. तिथे शेषम्माने मला एका म्हाताऱ्या डॉक्टरणीकडे नेलं. मी म्हटलं, मला काही झालेलं नाही. "प्रवासाचा शीण असतो," म्हणाली. डॉक्टरणीने नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि इंग्रजीतून विचारलं, राग येतो का? शेषम्माने मराठी केलं.

"येतो," मी म्हटलं. "पण माझ्या रागाला घरात कोणी भीत नाही, हीच तर माझी तक्रार आहे."

डॉक्टरणीने औषध दिलं नाही आणि पैसेही घेतले नाहीत. आपल्याकडे असं होत नाही.

कनका रोज तिसऱ्या प्रहरी बाहेर जाते. विचारलं तर शेषम्मा म्हणते, "क्लास आहे." कसला ते सांगत नाही. दाल में काला, दुसरं काय.

१६ जानेवारी

आज बाजार. अय्यनकडै नावाची लांबच लांब गल्ली. पितळ, कापड, बांगड्या, फुलांचे ढीग, आणि सायकलरिक्षावाले घंटी न वाजवता तोंडाने रस्ता मागणारे. मरवा, गुलाब, दवणा असं सगळं एकत्र गुंफलेला हार मिळतो. वास असा, की गर्दीतसुद्धा डोकं शांत होतं. कनकाने तो माझ्या आधी शेषम्माला आणि शेषम्माच्या आधी मला दिला, म्हणजे कसा कोण जाणे, पण दोघींनाही पहिला मिळाल्यासारखा वाटला. हुशार आहे.

भांड्यांच्या दुकानात माझे पाय भरून आले. कनकाने स्टूल ओढलं आणि म्हणाली, "मामी, तुम्ही फार श्रमलांत. किंचित् बसा."

मला हसू आवरेना. "अगं, हे बोलणं की बखर? श्रमलांत! किंचित्! पुढे 'येणेंप्रमाणें' म्हण की!" डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. म्हटलं, पुन्हा म्हण, अजून एकदा म्हण. दुकानदाराला काही कळलं नाही, पण मी हसते म्हणून तोही हसला, त्याचे नोकरही हसले. कनका हसली, पण पुन्हा म्हणाली नाही. परत येताना ती शेषम्माशी तमिळमध्ये बोलत होती. ऊन फार होतं, दमली असावी.

मजेत गेला दिवस.

१७ जानेवारी

आज राजवाडा बघायचा होता. शेषम्माचं डोकं दुखतंय. कनका जेवताना "हो" आणि "नको" याखेरीज बोलली नाही. मुलगी घुमी आहे, ही खोट धरावी का? पण कालपर्यंत तर बोलत होती.

संध्याकाळी हनुमंतराव ओसरीवर कॉफी घेत बसले होते. मी विचारलं, शेषम्माताईंना हा त्रास नेहमीचा का? त्यांनी पेला खाली ठेवला. मग म्हणाले, "अक्काचें लग्न तुमच्याच बाजूस झालें होतें. पुण्याकडे. पंधरा वर्षांची होती. तिथें तिच्या बोलण्यास घरचे सगळे हसत. आल्यागेल्यांसमोर उभी करीत, आणि 'म्हण, अजून एकदां म्हण' म्हणत. शेवटीं तिनें बोलणेंच सोडलें. लोकांस वाटलें, मुकी आहे. यजमान वारल्यावर इकडे आली. तेव्हांपासून मद्रासच्या पलीकडे पाऊल टाकलें नाहीं. टाकणार नाहीं, म्हणते."

ऐकून अंगावर काटा आला. काय एकेक माणसं असतात! पंधरा वर्षांची पोर, परका मुलूख, आणि तिला हसायचं? पुण्याच्या लोकांना कुणाचं कौतुक म्हणून नाहीच. मी हनुमंतरावांना तसं स्पष्ट सांगितलंसुद्धा. ते माझ्याकडे बघत राहिले आणि कॉफी निवून गेली.

१८ जानेवारी

लिहिल्याशिवाय झोप यायची नाही.

दुपारी कनका निघाली. शेषम्मा आत पडलेली. मी चपला घातल्या आणि पंचवीस पावलं मागे राहून पोरीच्या पाठीवर निघाले. कसला क्लास ते एकदा बघायचंच होतं. सापडली तर खोट तिथेच सापडेल. ती बाजाराच्या गल्लीत शिरली. मीही शिरले. मध्ये एक बैलगाडी आडवी आली, आणि ती हलली तेव्हा कनका नाही.

मी पुढे गेले, मागे आले, डावीकडे वळले. सगळी दुकानं सारखी दिसायला लागली. पाट्या तमिळ, मला त्या नुसत्या जिलब्या. देवनागरी वाचता येणारी मी, इथे अंगठाबहाद्दर! घराच्या रस्त्याचं नाव आठवेना. एका सायकलवाल्याने हँडल माझ्या दंडाला घासून नेलं आणि माझा धीर सुटला. मी पानाच्या दुकानाशी थांबून मोठ्यांदा म्हटलं, "मेले! आई गं, मेले!"

पानवाल्याने मान डोलावली आणि बाजूच्या जिन्याकडे बोट केलं. "मेले? मेले पोंगम्मा."

मी म्हटलं, "अहो, नाही, मेले मी, मेले!" तर आणखी दोघं आले. तेही जिन्याकडे बोट दाखवून "मेले, मेले" म्हणायला लागले. एक म्हातारी तर माझा हात धरून मला पहिल्या पायरीवर ठेवून गेली. मला वाटलं, वर कोणीतरी मराठी माणूस असेल. चढले.

वर एक मोठी खोली. रांगांनी टेबलं, टेबलांवर टाइपरायटर, आणि त्यांच्यामागे मुली. पत्र्यावर गारा पडाव्यात तसा आवाज. मी दारात उभी राहिले आणि आवाज थांबला. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मास्तरांनी तमिळमध्ये काहीतरी विचारलं. माझ्या तोंडून दुसरं काही निघेचना. "मेले," म्हटलं.

एक मुलगी फिसकन हसली. मग तिच्या शेजारची. मग अख्खी खोली. एकीने माझ्यासारखा पदर सावरला, छातीवर हात ठेवला आणि अगदी माझ्या सुरात म्हणाली, "मेलेऽऽ!" पुन्हा हशा. कोणाच्या मनात वाईट नव्हतं, दिसत होतं ते. पण माझे कान तापले आणि या वयात मला रडू फुटणार असं वाटलं. जिना मागेच होता, पण उतरून तरी कुठे जाणार होते?

तेवढ्यात शेवटच्या रांगेतून कोणीतरी खुर्ची सरकवून उठलं. कनका. ती हसत नव्हती. तमिळमध्ये ती चारच शब्द बोलली असेल. खोली चिडीचूप. मग ती माझ्याकडे आली, हात धरला, खुर्ची ओढली आणि म्हणाली, "मामी, तुम्ही फार श्रमलांत. किंचित् बसा."

मी बसले.

मग सांगितलं तिने. तमिळमध्ये 'मेले' म्हणजे 'वरती'. लोकांना वाटलं, या बाईला माडीवर जायचंय. हे ऐकून मला हसू आलं, मग रडू आलं, आणि दोन्ही एकदम करता येतात हे आज कळलं. परवा मी त्या भांड्यांच्या दुकानात काय केलं होतं, ते तेव्हा लख्ख समोर उभं राहिलं. पुण्याच्या लोकांना नावं ठेवत होते मी! हनुमंतराव माझ्याकडे का बघत राहिले होते, ते आता कळतंय.

मी तिला म्हटलं, "मी तुला हसले, ते चुकलं माझं."

ती म्हणाली, "हो." इतकंच. "नाहीं हो, असूं द्या," असं काही नाही. मला ते आवडलं.

क्लास संपेपर्यंत मी तिच्या शेजारी बसून राहिले. बोटांकडे न बघता टाइप करते! शिकून झालं की नोकरी करायची म्हणते. मिरजेत आमच्या ओळखीच्या कुठल्याही घरात टाइप करणारी सून नाही.

हे मी 'सून' असं का लिहिलं?

१९ जानेवारी, रविवार

सकाळी गोपू आला. जेवायला बसलो. शेषम्मा वाढत होती, ती मध्येच हातातली पळी खाली ठेवून माझ्यासमोर बसली.

"अंबाबाई, एक विचारतें. ही तुमच्या घरीं आली, आणि तुमच्या शेजारणी हिच्या बोलण्यास हसल्या, तर तुम्ही काय कराल?"

गोपूचा घास हातातच राहिला. कनका स्वयंपाकघराच्या दाराशी होती.

मी म्हटलं, "हसतील. खोटं कशाला सांगू? मीच हसले, त्या काय सोडणार आहेत? पण माझ्या सुनेला हसून माझ्या घरातला चहा पिऊन जाईल अशी शेजारीण मिरजेत अजून जन्मायची आहे. आणि माझ्याच तोंडून पुन्हा निसटलं, तर हिने सगळ्यांसमोर 'मेले' करून दाखवावं. हिला येतं ते. मला सगळा क्लास हसलेला हिने पाहिलाय."

आधी कनका हसली. मग हनुमंतराव. शेषम्मा हसली नाही. तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "सरी, बरें आहे. आम्हांस तुम्ही पसंत आहांत."

"मी?" माझा आवाज चढला. "मी पसंत? पाहायला मी आले होते!"

गोपू पानात तोंड खुपसून बसला. मग हळूहळू बाहेर आलं. कनकाने त्याला अट घातली होती, की आत्या तुमच्या आईला पाहील, पारखील, आणि मगच मी हो म्हणेन. गोपूने हे कबूल केलं होतं. माझ्या पोटच्या गोळ्याने! म्हणजे ती वकिलीण, ती डॉक्टरीण...

"वीणेवालाही?" मी विचारलं.

"तो माझ्या वडिलांचा स्नेही," शेषम्मा म्हणाली. "तो म्हणाला, बाई बोलते फार, पण आधीं लागलें का पाहीन म्हणाली, तेव्हां मुलगी द्या. डॉक्टरीण म्हणाली, राग आहे, पण विष नाहीं. सुंदरीनें तर त्याच दिवशीं हो म्हटलें. मीच अडले होतें. त्या भांड्यांच्या दुकानापासून."

मला काय राग आला म्हणून सांगू! मुलाची आई म्हणून नाक वर करून आले होते, आणि गावभर माझाच दाखवण्याचा कार्यक्रम चालला होता. मी विचारलं, "आणि मी नापास झाले असते तर?"

"देऊळ दाखवून परत पाठविलें असतें," शेषम्मा म्हणाली. "तुम्ही त्याच कारणें आला होतां नां?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मग माझ्या ध्यानात आलं, की ते होकाराची वाट बघतायत.

"दही वाढा," मी म्हटलं. "आणि मुहूर्त बघा."

२१ जानेवारी, गाडीत

लग्न फाल्गुनात, तंजावरलाच. यांना तार केली आहे. खोटीबद्दल विचारतील तर काय सांगायचं ते मिरज येईपर्यंत सुचेल.

स्टेशनवर सगळे आले होते. कनकाने वाकून नमस्कार केला आणि हळूच विचारलं, "मामी, आतां मज ती अक्षरें शिकवाल की?" मी म्हटलं, "तू मला जिलब्या शिकव."

एक गोष्ट दोन दिवस मनात घोळत होती, ती मी गाडी सुटायच्या आधी बोलून टाकली. शेषम्मा खिडकीशी उभी होती. मी म्हटलं, "मुलीबरोबर पाठराखीण लागते. तुम्ही यायचं मिरजेला."

तिचा चेहरा मिटल्यासारखा झाला. "दुसरें कोणी पाठवूं," म्हणाली.

"दुसरं कोणी नको."

मला वाटलं, पुन्हा जास्त बोलले. हनुमंतराव उगीचच घड्याळ बघत होते. शिट्टी झाली. गाडी हलली, तशी शेषम्मा खिडकीचा गज धरून बरोबर चालायला लागली, आधी हळू, मग भराभर. ताठ मान, पायात चपला फटफटतायत, गणिताची मास्तरीण फलाटावर पळतेय आणि पोरं बघतायत. तिला काहीतरी म्हणायचं होतं आणि फलाट संपत आला होता.

"अंबाबाई," ती धापा टाकत म्हणाली, "तिकडचें पाणी मज मानवेल की?"

मी खिडकीतून अर्धी बाहेर झाले. "न मानवायला काय झालं?" मी ओरडले. "कृष्णेचं पाणी आहे, अक्का!"